आघाडीची हिशेबपट्टी

9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झालं. बाजूने 186 मतं पडली आणि विरोधात एक. आदल्या दिवशी सभागृहात प्रचंड गोंधळ झाला होता, त्यावरून मतदानाच्या दिवशी सात खासदार निलंबित झाले. विधेयकाला विरोध असणारे बरेच जण मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हतेच. एक माणूस मात्र बसून राहिला आणि त्याने शांतपणे विरोधात मत नोंदवलं. त्याचं नाव शरद जोशी.

हे वाक्य पुण्या-मुंबईत वाचलं तर फार तर कुतूहल वाटेल. चांदवडमध्ये वाचलं की पोटात कालवतं. कारण 1986 च्या नोव्हेंबरात, 9 आणि 10 तारखेला, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं पहिलं मोठं अधिवेशन याच गावात भरलं होतं. ते भरवण्यामागे हेच शरद जोशी होते. राज्यभरातून बायका ट्रॉलीत, ट्रकमध्ये, एसटीने आल्या. संख्या लाखांच्या घरात होती. शेतकरी बाईचे कष्ट, तिच्या नावावर जमीन, पंचायतीत तिची जागा, असे विषय शेतकरी घरातल्या बायका उघड्या मैदानात पहिल्यांदाच एवढ्या संख्येने बोलत होत्या. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यासारख्या गावात अख्खी ग्रामपंचायत बायकांच्या हाती आली. हे सगळं आरक्षणाचा कायदा व्हायच्या आधी.

माझी आत्या त्या अधिवेशनाला गेली होती. भाकऱ्या बांधून, धाकट्याला सासूकडे ठेवून. संघटनेचा लाल बिल्ला तिच्या पेटीत अजून आहे. 2010 मध्ये ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साहेबांनी असं करायला नको होतं." आणि थोड्या वेळाने, "पण केलं ते तोंडावर केलं. मागून नाही केलं."

मी तेव्हा शाळेत होतो. मला पहिलं वाक्य कळलं, दुसरं नाही. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचायला मला 2019, 2022 आणि 2023 हे तीन महाराष्ट्र बघावे लागले.

छोट्या पक्षाची अडचण

आपल्या पिढीला आघाडी म्हटलं की पहाटेचा शपथविधी आठवतो, गुवाहाटीचं हॉटेल आठवतं, दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी आठवतात. मग आपण एक सोपा निष्कर्ष काढतो: सगळे सारखेच. मला या निष्कर्षाची भीती वाटते. 'सगळे सारखेच' म्हटलं की कुणाला काही विचारायचं कारण उरत नाही, आणि जो खरोखर विकला गेला त्याला सगळ्यात जास्त सोयीचं तेच असतं. म्हणून मला जरा जुनं आणि छोटं उदाहरण घ्यावंसं वाटतं. मोठ्या पक्षांच्या आघाड्यांत सत्तेचा धुरळा इतका असतो की नैतिक प्रश्न दिसतच नाही. छोट्या पक्षात तो स्वच्छ दिसतो.

शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. नाव मुद्दाम तसं होतं. त्यामागे 1959 मध्ये राजाजींनी काढलेल्या स्वतंत्र पक्षाची आठवण होती. त्या पक्षाला लोक 'उजवा' म्हणायचे. परमिट-लायसन्सचं राज्य नको, सहकारी शेतीची सक्ती नको, मालमत्तेचा हक्क हवा, सरकारने माणसाच्या धंद्यात कमीत कमी बोट घालावं, ही त्याची भूमिका. 1967 च्या लोकसभेत त्याचे 44 खासदार होते. ओरिसात त्याने जन काँग्रेसला सोबत घेऊन सरकारही चालवलं. 1971 मध्ये इंदिरा गांधींना हरवायचं म्हणून जनसंघ, संघटना काँग्रेस आणि समाजवाद्यांबरोबर तो बड्या आघाडीत गेला आणि 8 जागांवर आला. 1974 मध्ये भारतीय लोक दलात विरघळून संपला. बाजार मुक्त हवा म्हणणारा पक्ष समाजवाद्यांच्या शेजारी बसून मतं मागत होता. मतदाराला प्रश्न पडला असेल की यांना नक्की हवंय तरी काय. 'ती नको' एवढं उत्तर पुरेसं ठरलं नाही.

शरद जोशींची अडचण त्याहून मोठी होती. चाकणच्या कांद्यापासून, 1980 च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनापासून, त्यांच्या एका हाकेवर रस्ते बंद पडत. पण रस्त्यावर बसणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी जात, भावकी, साखर कारखाना, सोसायटीचं कर्ज बघून बटण दाबायचा. आपल्या निवडणूक पद्धतीत राज्यभर विखुरलेल्या मतांना किंमत नसते. एका मतदारसंघात पहिला येईल त्यालाच जागा. 2004 च्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे एकटे वामनराव चटप राजुऱ्यातून निवडून आले. अशा पक्षासमोर दोनच वाटा असतात. एक, स्वच्छ राहून बाहेर राहायचं. दोन, कुणाचा तरी हात धरून आत जायचं.

जोशींनी हात धरला. आधी जनता दलाचा, त्या काळात संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर आमदार झाले आणि व्ही. पी. सिंगांनी जोशींना शेतीविषयक सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं. वाजपेयींच्या काळात ते शेतीविषयक कृती दलाचे अध्यक्ष होते. आणि 2004 मध्ये भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर ते राज्यसभेत गेले.

हे शेवटचं पाऊल साधं नव्हतं. ऐंशीच्या दशकात जातीय राजकारणावर याच माणसाने कडक शब्दांत हल्ला चढवला होता. शेतकऱ्याला धर्माच्या नावाने फोडलं तर घामाचे दाम कोण मागणार, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. आणि 2004 म्हणजे गुजरातच्या दंगलींना दोनच वर्षं झाली होती.

पट्टी कुठे आहे?

चांदवडच्या मार्केटला कांदा नेला की आधी लिलाव होतो, मग वजन, आणि शेवटी हातात एक कागद येतो. हिशेबपट्टी. माल इतका, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी, हातात इतके. भाव पडला तर शेतकरी शिव्या घालतो, पण पट्टीवर हमाली कापली म्हणून कुणी स्वतःला विकला गेलेला म्हणत नाही. वजावट ही व्यवहाराचा भाग असते. संताप कधी येतो? पट्टीवर एक लिहिलंय आणि हातात दुसरंच आलंय, तेव्हा. किंवा पट्टीच दिली नाही, तेव्हा.

मला वाटतं आघाडीच्या नैतिकतेचा पहिला प्रश्न हाच आहे. 'तडजोड केली का?' हा प्रश्न चुकीचा आहे. दोन माणसं एका घरात राहिली तरी तडजोड होते, लोकशाही तर कोट्यवधींचं घर आहे. प्रश्न असा हवा: पट्टी दिली का? 'आम्ही अमुक मागणी मागे ठेवली, अमुक मिळवली, अमुक बाबतीत आमचं मित्रपक्षाशी पटत नाही आणि पटणारही नाही', हे मतदाराला आधी, त्याच्या भाषेत, सांगितलं का?

ज्या देशांत ही पट्टी द्यायची सवयच उरत नाही तिथे काय होतं ते फिलिपिन्समध्ये दिसतं. तिथे फिडेल रामोस 1992 मध्ये एक चतुर्थांशापेक्षाही कमी मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा लाकास हा पक्ष नवा होता, मध्यापासून उजवीकडे कललेला. निवडणुकीनंतर इतर पक्षांतले खासदार एकेक करत सत्तेच्या बाजूला आले आणि बघता बघता बहुमत तयार झालं. हे तिथे नेहमीचंच आहे, राष्ट्राध्यक्ष बदलला की खासदारांचा पक्ष बदलतो. अशा माणसाला तिथे 'बालिंबिंग' म्हणतात. बालिंबिंग म्हणजे आपल्याकडचं करमळ, बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळतं ते. कुठूनही बघा, एक कड तुमच्याकडे असतेच. शब्द गमतीदार आहे, पण त्यातली शोकांतिका ही की जिथे सगळेच करमळ, तिथे पक्ष नावाची गोष्ट फक्त निवडणुकीपुरती पाटी उरते. कुणी काय सोडलं हे विचारायला कुणी काही धरलेलं तर असायला हवं!

आपल्याकडे निदान धरल्याचं नाटक तरी करावं लागतं. माझ्या मते ते नाटकही मोलाचं आहे, कारण त्यामुळे विचारायची जागा शिल्लक राहते.

आत्याची तक्रार

पण इथे एक आक्षेप येतो, आणि तो आत्यानेच घेतला. मी तिला हा पट्टीचा मुद्दा सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे कागदावर लिहून दिलं की काहीही विकायचं का रे?"

खरं आहे. उघडपणे केलेला वाईट सौदा वाईटच असतो. लबाडी नसणं म्हणजे चांगुलपणा नव्हे. अविशाय मार्गालित नावाच्या इस्रायली तत्त्वज्ञाने 2010 मध्ये तडजोडींवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बहुतेक तडजोडी माफ करता येतात, शांततेसाठी तर पुष्कळच, पण माणसांना क्रूरपणे आणि अपमानित करून वागवणारी राजवट उभी करणारी किंवा टिकवणारी तडजोड कधीच माफ करता येत नाही. ती सडकी. माझ्या दृष्टीने ही कसोटी बरोबर आहे, पण फार वरची आहे. रोजच्या राजकारणात सौदा इतका काळाकुट्ट क्वचितच असतो. तो मळका असतो. मळक्या सौद्यासाठी आपल्याला खालची, हाताला येणारी कसोटी हवी.

मला सुचते ती अशी: किंमत कोणाच्या खिशातून जाते?

मी माझी मागणी सोडली, तर ती माझी होती, मला सोडता येते. शेतकऱ्यांच्या पक्षाने वीजबिलाचा मुद्दा मागे ठेवून निर्यातीचा पुढे घेतला, तर ते त्याच्या सभासदांचं आणि त्याचं आपसातलं भांडण आहे. पण मी आघाडीसाठी जे दिलं ते तिसऱ्याच कुणाचं असेल, त्याची सुरक्षितता, त्याची इज्जत, त्याच्या बाजूने बोलणारा एक आवाज, तर मी माझ्या मालकीचं नसलेलं विकलंय. पट्टी कितीही स्वच्छ असो, माल चोरीचा आहे.

या कसोटीवर 2004 ची ती आघाडी मला खटकते. जोशींचा हिशेब समजू शकतो. शेतकऱ्याची लूट सरकारी धोरणातून होते, ते धोरण काँग्रेसच्या राज्यात रुजलं, बाजार मोकळा करणारे लोक आता दुसऱ्या बाजूला आहेत, तर तिकडे जावं. शेतीपुरता हा हिशेब बसतो. पण जातीय राजकारणाविरुद्ध बोलणारा ग्रामीण महाराष्ट्रातला एक मोठा, ऐकला जाणारा आवाज त्या बाजूला जाऊन बसला, याची किंमत संघटनेच्या खिशातून गेली नाही. ती अशा माणसांच्या खिशातून गेली ज्यांना या सौद्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या मनात शरद जोशींविषयी खूप आदर आहे. तरी हा आकडा पट्टीवर लिहावाच लागतो.

जे सोडून गेले त्यांचं काय?

त्याच सुमारास राजू शेट्टी बाहेर पडले. भाजपशी जवळीक त्यांना मान्य नव्हती. 2004 मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी राहिली. नावातच उत्तर होतं.

दहा वर्षांनी, 2014 मध्ये, स्वाभिमानी महायुतीत होती. शेट्टी त्याच युतीतून हातकणंगल्याहून लोकसभेत गेले. 2016 मध्ये त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. 2017 मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर बिनसलं. शेट्टी आघाडीतून बाहेर आले, खोत मंत्रिमंडळात राहिले, त्यांची संघटनेतून हकालपट्टी झाली आणि त्यांनी रयत क्रांती संघटना काढली. 2019 मध्ये शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने लढले आणि हरले.

हे सांगून कुणाची खिल्ली उडवायची नाही. उलट, यातून मला एक गोष्ट शिकायला मिळते. ज्या तडजोडीवर थुंकून माणूस बाहेर पडतो, तीच तडजोड दहा वर्षांनी त्याच्या दारात उभी राहते, कारण अडचण माणसाची नसते, जागेची असते. छोट्या पक्षाला आत जायला दार एकच आणि त्याची किल्ली मोठ्याकडे. म्हणून 'मी कधीच तडजोड करणार नाही' ही प्रतिज्ञा नैतिक वाटली तरी फारशी उपयोगाची नाही. उपयोगाची प्रतिज्ञा अशी: 'आत जाताना बाहेर यायचं दार मी बंद करणार नाही.' शेट्टींनी ते दार 2017 मध्ये वापरलं. उशिरा असेल, पण वापरलं. त्याची किंमत स्वतः मोजली.

पुन्हा ते एक मत

आता 186 विरुद्ध 1 कडे परत येऊ.

त्या विधेयकाला भाजपचा पाठिंबा होता. म्हणजे ज्यांच्या मतांवर जोशी राज्यसभेत बसले होते, त्यांच्याही विरुद्ध त्यांनी मत दिलं. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाच्या व्हिपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. जोशी भाजपच्या चिन्हावर गेले असते तर त्यांना हे मत इतक्या सहज देता आलं नसतं. ते स्वतःच्या पक्षाचे एकुलते एक खासदार होते, म्हणून त्यांना हुकूम देणारं कुणी नव्हतं. पाठिंबा घेतला, पण पाटी स्वतःची ठेवली. आघाडी आणि विलीनीकरण यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी हेच मत दाखवीन. आणखी एक नोंद त्याच खात्यात टाकायला हवी. प्रत्येक पक्षाने नोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा जाहीर करावी ही कायद्यातली अट काढून टाकण्यासाठी त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. ते मंजूर होणार नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. मांडणं महत्त्वाचं होतं.

त्यांचा महिला आरक्षणाला विरोध कशासाठी होता? मुख्य आक्षेप फिरत्या मतदारसंघांवर होता. आज राखीव असलेला मतदारसंघ पुढच्या वेळी राखीव नसेल, मग निवडून आलेली बाई तिथे मुळं कशी धरणार? आणि जिथे बायकांचं खालून संघटन झालेलं नाही तिथे वरून दिलेली जागा घरातल्या पुरुषाच्या हातात जाईल. चांदवडच्या मैदानात बायका स्वतःहून उभ्या राहिलेल्या बघितलेल्या माणसाचा हा आक्षेप आहे, बायकांना कमी लेखणाऱ्याचा नाही.

तरीही मला तो पटत नाही. सरपंचबाईच्या खुर्चीमागे तिचा नवरा बसलेला मीही पाहिलाय. पण त्याच गावात, पुढच्या फेरीला, ग्रामसभेत उठून ग्रामसेवकाला हिशेब विचारणारी बाईसुद्धा मी पाहिलीय. पहिली खुर्ची उसनी असते, दुसऱ्या वेळी ती ओळखीची होते. दार उघडल्यावर आत कोण येईल हे उघडण्याआधी सांगता येत नाही. चांदवडलाही 1986 मध्ये कुणाला खात्री होती?

म्हणजे मत मला चुकीचं वाटतं, पण ते देणं बरोबर वाटतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्या सतत एकत्र करतो. कुणी म्हणेल, 186 समोर एक मत देणं स्वस्त आहे, निकाल तर ठरलेलाच होता. निकालाच्या दृष्टीने स्वस्त, हो. पण या माणसाला ते ज्यांच्यासमोर द्यावं लागलं ते दिल्लीतले सहकारी नव्हते. ते चांदवडच्या बायकांसमोर द्यावं लागलं. आत्यासारख्यांना दुखवणं हीच त्याची किंमत होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या खिशातून गेली. इथे माझी कसोटी उलटी लागू पडते. 2004 ला किंमत दुसऱ्यांनी दिली, 2010 ला त्यांनी स्वतः. एकाच माणसाच्या पट्टीवर दोन्ही आकडे आहेत आणि एकाने दुसरा खोडला जात नाही.

ते विधेयक तेव्हा लोकसभेत अडकलं आणि मेलं. 2023 मध्ये नव्याने आलं तेव्हा राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. 214 विरुद्ध शून्य. कायदा झाला, अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. त्या शून्याकडे बघताना मला आनंद झाला आणि थोडं रितंही वाटलं. सगळ्यांना खरंच पटलं होतं, की 'नाही' म्हणायची कुणाची सोय उरली नव्हती?

कांद्याच्या गावातून

त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला, शरद पवार स्वतः येऊन बसले. मे 2024 मध्ये बंदी उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. जूनमध्ये दिंडोरीच्या विद्यमान खासदार, ज्या केंद्रात राज्यमंत्री होत्या, पराभूत झाल्या. बंदीच्या त्या पाच महिन्यांत इथल्या माणसाला एकच प्रश्न पडला होता: सरकारच्या आत बसलेल्यांपैकी आपल्या बाजूने 'नाही' कोण म्हणालं?

मला वाटतं मत मागायला येणाऱ्या कुठल्याही आघाडीच्या कुठल्याही पक्षाला आपण हेच विचारायला हवं. 'तुम्ही कुणाबरोबर आहात?' हे तर पोस्टरवरच दिसतं. विचारायचं ते हे: त्यांच्याबरोबर जाताना तुम्ही काय सोडलंत, ते कुणाचं होतं, आणि कुठल्या प्रश्नावर तुम्ही त्यांच्याविरुद्ध हात वर कराल? या तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याची आघाडी झालेली नाही, तो विलीन झालाय, फक्त पाटी उतरवायची राहिलीय.

12 डिसेंबर 2015 ला शरद जोशी गेले. त्या दिवशी आत्याने पेटी उघडून बिल्ला काढला, पदराने पुसला आणि परत ठेवला. मी विचारलं, "राग गेला का?"

"राग कशाला जाईल?" ती म्हणाली. "राग आपल्या माणसाचाच येतो."